तालुक्याच्या ठिकाणी नोकरी सांभाळून औषधनिर्माण रसायनशास्त्रात पीएच.डी.: विषय, मार्गदर्शक आणि प्रयोगशाळेबद्दल सल्ला हवा

बोंडफूल (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. मी औषधनिर्माण रसायनशास्त्रात एम.फार्म. केले असून यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी डी.फार्म. महाविद्यालयात शिकवते. घरी कपाशी आणि तुरीची कोरडवाहू शेती आहे, ती पती आणि सासरे पाहतात, आणि मुलगी पहिलीत आहे. पीएच.डी.ची इच्छा जुनी आहे. यंदा विद्यापीठाच्या पूर्वपरीक्षेचा अर्ज भरायचे नक्की केले आहे, आणि त्याआधी जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हे लिहीत आहे.

विषय माझ्या मनात पक्का आहे. 2017 च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे सर्वांना माहीत आहे. त्या हंगामात आमच्या शेजारच्या शेतात फवारणी करणारे एक काकाही अत्यवस्थ झाले होते. ते वाचले, पण अॅट्रोपिन हे विषबाधेवरचे औषध चालू असताना डॉक्टर नातेवाइकांना म्हणाले होते की याच्या जोडीला आणखी एक औषध असते, मात्र ते प्रत्येक विषाला लागू पडत नाही. ते औषध म्हणजे प्रॅलिडॉक्झाइम. पायरिडिनच्या वलयावर बसलेला एवढासा ऑक्झाइम गट (C=N-OH) विषाचा परिणाम उलटवतो आणि तरीही काही विषांपुढे तो हतबल का ठरतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. यावरच संशोधन करावे असे वाटते.

अडचणी अशा आहेत की आमच्या महाविद्यालयात यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, पीएच मीटर, वितळणबिंदू मोजण्याचे उपकरण आणि काचसामान यांपलीकडे काही नाही. एक ज्येष्ठ परिचित म्हणतात की या भानगडीत पडू नका, बेंझिमिडाझोल या परिचित वलयाची दहा-पंधरा नवी संयुगे करा, जिवाणूंवर तपासा आणि तीन वर्षांत मोकळ्या व्हा. वर्गमैत्रीण म्हणते की नोकरी सोडून हैदराबादला जा. अर्धवेळ नोंदणी करून, जिल्ह्याच्या आसपासच्या एखाद्या मान्यताप्राप्त संशोधन केंद्रावर राहून, माझ्या विषयावर प्रामाणिक काम होऊ शकेल का?

निवृत्त_अध्यापक (अमरावती)

बोंडफूल ताई, तुमचा प्रश्न मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी विषयाबद्दल. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक अॅसिटिलकोलिनएस्टरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) सेरीन या अमिनो आम्लावर जाऊन बसते, आणि ऑक्झाइमचे काम म्हणजे त्या फॉस्फरसला स्वतःकडे ओढून विकर पुन्हा मोकळे करणे. प्रॅलिडॉक्झाइम 1955 च्या सुमारास पुढे आले आणि आजही आपल्या रुग्णालयांत तेच वापरले जाते. अडचण अशी की सेरीनवर बसलेल्या फॉस्फरसवरील एक अल्किल गट कालांतराने निघून जातो, आणि मग कोणताही ऑक्झाइम त्याला हलवू शकत नाही. यालाच विकराचे एजिंग म्हणतात. मोनोक्रोटोफॉससारख्या डायमिथाइल वर्गातील विषांत या क्रियेचा अर्धायुकाल सुमारे 3.7 तास आहे, तर क्लोरपायरिफॉससारख्या डायइथाइल वर्गात तो सुमारे 33 तास आहे. पांढरकवड्याच्या पलीकडच्या एखाद्या पोडावरून (आदिवासी वस्तीवरून) माणूस आधी ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून यवतमाळला पोहोचेपर्यंत पहिल्या वर्गातील विषाची वेळ बहुधा टळून गेलेली असते. प्रोफेनोफॉसची रचना आणखी निराळी आहे. त्यात गंधकावर प्रोपाइल गट असतो आणि तेथे ऑक्झाइमचा उपयोग होण्याची शक्यता फार कमी असते. तुमच्या डॉक्टरांचे वाक्य रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी अचूक होते.

रुग्णांवरील पुरावाही एकमुखी नाही. बारामती येथे झालेल्या आणि 2006 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रॅलिडॉक्झाइमचा मोठा डोस सलग शिरेतून दिल्याने रुग्णांना स्पष्ट लाभ झाला होता, तर श्रीलंकेतील 2009 च्या चाचणीत असा लाभ दिसला नाही. म्हणजे सत्तर वर्षांचे औषध असूनही प्रश्न अजून खुला आहे, आणि पीएच.डी.ला खुला प्रश्न लागतो. मात्र एक सावधगिरी आराखड्याच्या पहिल्या परिच्छेदापासून बाळगा. 2017 साली आपल्या भागात जी औषधे फवारली जात होती, त्यांत ऑक्झाइमशी काहीही संबंध नसलेली द्रव्येही होती आणि अनेकांनी दोन-तीन औषधे एकत्र मिसळली होती. त्यामुळे आपल्या संयुगाने यवतमाळची विषबाधा थांबेल असे विधान करू नका. परीक्षक ते पहिल्याच प्रश्नात खोडून काढतील, आणि ते खरेही नाही.

आता विषय किती अरुंद करायचा ते पाहू. तुमच्याकडे विकर नाही, प्राणिगृह नाही, आणि कीटकनाशकाचा शुद्ध सक्रिय घटक हाताळण्यासाठी लागणारे फ्यूम हूडही बहुधा नसेल, म्हणून त्या वाटेला सुरुवातीला मुळीच जाऊ नका. पण या विषयाचा एक भाग तुमच्या टेबलावर होण्यासारखा आहे. ऑक्झाइम कार्यक्षम होतो तो त्याचा प्रोटॉन गेल्यावर, ऑक्झिमेट आयनाच्या रूपात. प्रॅलिडॉक्झाइमचा पीकेए (ज्या पीएचला अर्धे रेणू प्रोटॉन सोडतात तो आकडा) आठच्या आसपास आहे, म्हणून रक्ताच्या 7.4 या पीएचला त्याचा बऱ्यापैकी अंश कार्यक्षम रूपात असतो; पण त्याच्या नायट्रोजनवरील कायम धनभारामुळे तो मेंदूत फारसा शिरत नाही. भार काढून टाकला तर मेंदूत शिरणे सोपे होते, मात्र पीकेए दहाच्या आसपास जातो आणि 7.4 ला ऑक्झाइम निष्क्रिय पडून राहतो. या ओढाताणीत मधली जागा शोधणे हा अस्सल औषधनिर्माण रसायनशास्त्राचा प्रश्न आहे. भार नसलेल्या पायरिडिन ऑक्झाइमांची दहा-बारा संयुगांची एक विचारपूर्वक मालिका करा, वलयावर वेगवेगळ्या जागी इलेक्ट्रॉन ओढणारे गट बसवा, आणि प्रत्येकाचा पीकेए यूव्हीवर मोजा. त्यानंतर पॅरा-नायट्रोफेनिल अॅसिटेट या तुलनेने निर्धोक एस्टरवर त्यांची क्रियाशीलता तपासा. त्यातून सुटणारा पिवळा नायट्रोफेनोलेट 400 नॅनोमीटरला सरळ मोजता येतो. फॉस्फरसऐवजी कार्बन वापरणारी ही प्रतिकृती आहे हे प्रबंधात स्पष्ट लिहा. विकरावरील चाचणी तिसऱ्या वर्षी, एखाद्या मोठ्या संस्थेच्या सहकार्याने, निवडक दोन-तीन संयुगांपुरती करता येईल.

विकरावरील त्या चाचणीच्या वेळी एक गोष्ट जरूर सांभाळा. विकराची क्रिया रंगावरून मोजणाऱ्या एलमनच्या पद्धतीत 412 नॅनोमीटरला जो पिवळा रंग मोजतात, तो ऑक्झाइम स्वतःच अॅसिटिलथायोकोलिन या चाचणीतील द्रव्याचे विघटन करूनही निर्माण करतो. विकर नसलेला ब्लँक (तुलनेचा नमुना) प्रत्येक तीव्रतेला घेतला नाही तर निकामी संयुगही उत्तम औषध असल्यासारखे दिसते.

बेंझिमिडाझोलच्या सल्ल्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ते वलय उत्तम आहे, पण काही नवी संयुगे करायची, दोन जिवाणूंच्या पेट्री डिशमध्ये वर्तुळे मोजायची आणि शेवटी एका प्रथिनावर संगणकात डॉकिंग करून (रेणू प्रथिनात कसा बसेल याचा अंदाज घेऊन) गुण लिहायचे, असे प्रबंध ग्रंथालयांच्या कपाटांत दाटीने उभे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य कोणीही पुन्हा उघडलेले नाहीत. सहा वर्षे द्यायचीच असतील तर ती तुम्हाला झोपू न देणाऱ्या प्रश्नाला द्या.

चांदा_ते_बांदा (चंद्रपूर)

मी गोंडवाना विद्यापीठाच्या परिसरात पूर्णवेळ संशोधक विद्यार्थी आहे. सरांनी विषय मांडलाच आहे. मी फक्त हाताशी येणाऱ्या गोष्टी सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या पद्धती जशाच्या तशा आपल्याकडे चालत नाहीत.

आपला उन्हाळा हा प्रयोगाचा एक घटक आहे असेच समजा. इथर 34.6 अंशांना उकळते आणि डायक्लोरोमिथेन सुमारे 40 अंशांना. मे महिन्यात आमच्या खोलीचे तापमान त्याच्या आसपास असते, त्यामुळे डायक्लोरोमिथेनमध्ये लावलेल्या, संयुगे वेगळी करण्याच्या सिलिकाच्या कॉलममध्ये द्रावकाचे बुडबुडे धरतात, मधोमध आडवी चीर पडते, आणि टीएलसीवर (पातळ थराच्या चाचणी-पट्टीवर) नीट वेगळे दिसलेले दोन स्पॉट खाली एकत्रच उतरतात. कॉलमची सर्व कामे जुलै ते फेब्रुवारीत उरका आणि शक्य तिथे हेक्झेन-इथाइल अॅसिटेट वापरा. बाटली उघडण्याआधी ती गार पाण्यात ठेवा, नाहीतर झाकण सैल करताच वाफ तोंडावर येते. उन्हाळा लेखन, वाचन आणि पीकेए मोजण्यासाठी ठेवा, पण मोजताना क्युव्हेटचे (नमुन्याच्या काचपात्राचे) तापमान नोंदवायला विसरू नका, कारण 25 अंशांचा आणि 40 अंशांचा पीकेए एक नसतो.

कंडेन्सरला नळाचे पाणी सोडून देणे आपल्या भागात परवडणारे नाही, आणि एप्रिलनंतर टाकीतले पाणीही कोमट असते. आम्ही कूलरचा छोटा पंप बादलीत टाकतो, बादलीत बर्फाची लादी सोडतो आणि तेच पाणी फिरवत राहतो. इथेनॉलच्या रिफ्लक्सला (वाफ परत थंड करत उकळत ठेवण्याला) ते पुरेसे होते. तुमच्या विषयाची एक जमेची बाजू अशी की अल्डिहाइड, हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड आणि सोडियम अॅसिटेट यांच्यापासून ऑक्झाइम तयार करण्याची अभिक्रिया काही तासांतच पूर्ण होते, त्यामुळे ती रात्रभर चालू ठेवावी लागत नाही आणि मध्येच लाईन गेली तरी सगळे वाया जात नाही. हायड्रॉक्सिलअमाइन मात्र कोरड्या जागी, उष्णतेपासून दूर ठेवा. ते कोरडे असताना तापवू नका. विकर आणाल तेव्हा उणे 20 अंशांच्या फ्रीजरला वीज जाण्याचा धोका आहे, म्हणून विकराचे काम सहकारी संस्थेतच करावे हे माझेही मत.

एनएमआरसाठी (रेणूची रचना ओळखण्याच्या वर्णपटासाठी) नमुने लखनौच्या सीडीआरआयला, चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाच्या किंवा आयआयटी मुंबईच्या सुविधेला पाठवता येतात. नमुना पूर्ण वाळवून, टीएलसीवर एकच स्पॉट असल्याची खात्री करूनच पाठवा. ऑक्झाइमसाठी डीएमएसओ-डी6 हा द्रावक मागा, कारण त्यात ओएचचा प्रोटॉन साधारण 11 ते 12 पीपीएमला ठळक दिसतो. क्लोरोफॉर्ममध्ये तो पसरट होऊन हरवू शकतो. ई आणि झेड हे दोन्ही समघटक (एकाच रेणूची वेगळ्या मांडणीची रूपे) मिसळलेले असतील तर आठ पीपीएमच्या आसपास सीएचच्या प्रोटॉनची दुहेरी शिखरे दिसतात, ती मलिनता समजून पुसू नका. आणि छापील आलेखावर समाधान न मानता मूळ डेटा फाइल मागून घ्या. प्रबंध परत आला तर तीच उपयोगी पडते.

ग्रामीण_डॉक्टर (वाशीम जिल्हा)

मी रसायनशास्त्रातील नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. आमच्याकडे विषबाधेचा रुग्ण आला की प्रथम श्वासमार्ग आणि अॅट्रोपिन पाहतो. अॅट्रोपिनने स्राव आणि हृदयाची गती सावरते, पण स्नायूंची ताकद त्याने परत येत नाही, आणि श्वसनाचे स्नायू थकले की रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो. जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता तिथेच कठीण होतो. ऑक्झाइमकडून आम्हाला अपेक्षा असते ती नेमकी या स्नायूंसाठी. नातेवाईक बाटली सोबत आणत नाहीत, त्यामुळे विष कोणत्या वर्गाचे आहे हे अनेकदा लक्षणांवरून ताडावे लागते. ताई, तुमच्या प्रबंधाच्या प्रस्तावनेत ही परिस्थिती जरूर येऊ द्या. प्रयोगशाळेत तासांचा हिशेब मांडणाऱ्यांना तो हिशेब कोणत्या रस्त्यावर लागू होतो हे कळलेले बरे.

वऱ्हाडी_केमिस्ट (हैदराबाद)

मी मूळचा अकोला जिल्ह्यातला, आता औषध कंपनीत संशोधन विभागात आहे. वरील सल्ल्यांचा आदर राखून माझे मत वेगळे मांडतो.

ताईंनी आधी ठरवावे की ही पदवी कशासाठी हवी आहे. अध्यापनात राहायचे असेल, पुढे सहयोगी प्राध्यापक व्हायचे असेल, तर जवळच्या केंद्रावरील अर्धवेळ पीएच.डी. योग्य आहे. पण संश्लेषणाचा हात खरोखर पक्का करायचा असेल आणि उद्योगात येण्याचा विचार असेल, तर नायपरसारख्या राष्ट्रीय औषधनिर्माण संस्थेत किंवा मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत पूर्णवेळ राहण्याला पर्याय नाही. तिथे एनएमआर त्याच इमारतीत असतो, अभिक्रिया फसली तर संध्याकाळपर्यंत कारण कळते, आणि शेजारच्या टेबलावरचा विद्यार्थी तुमच्यापेक्षा वेगळे काहीतरी करत असतो. त्या शेजारातून जे शिकायला मिळते ते पुस्तकात नसते. आमच्याकडे मुलाखतीत प्रबंधाचे शीर्षक कोणी विचारत नाही. उमेदवाराने स्वतः केलेल्या एका संयुगाचा एनएमआर पडद्यावर लावतो आणि प्रत्येक शिखर कोणाचे ते सांगायला लावतो. अर्ध्याहून अधिक जण तिथेच अडखळतात.

पैशांचेही पाहा. पूर्णवेळ विद्यार्थ्यांसाठीच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीचा दर 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, आणि आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या ज्या त्या प्रवर्गासाठी आहेत. तालुक्याच्या विनाअनुदानित महाविद्यालयातील पगाराशी ही रक्कम ताडून पाहा, मग नोकरी सोडण्याची भीती कदाचित कमी होईल. फक्त ती दर महिन्याला वेळेवर हातात पडेल असे धरून घरखर्च बसवू नका.

बोंडफूल (यवतमाळ जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. केमिस्ट दादांचे म्हणणे पटते, पण मुलगी लहान आहे, सासऱ्यांना मधुमेह आहे, आणि मला शिकवायचेच आहे. त्यामुळे मी अर्धवेळच नोंदणी करणार आहे. संस्थेच्या सचिवांशी बोलणे झाले, ते ना-हरकत प्रमाणपत्र देण्यास तयार आहेत. डॉक्टर साहेबांनी लिहिलेले मी प्रस्तावनेसाठी मनात नोंदवून ठेवले आहे.

आता माझा प्रश्न मार्गदर्शकाबद्दल आहे. विद्यापीठाच्या यादीत नावे बरीच आहेत, परंतु कोणाकडे जावे हे बाहेरून कसे ओळखावे? माझ्या ओळखीच्या एका मुलीला नोंदणीनंतर दोन वर्षांनी कळले की तिचे मार्गदर्शक निवृत्त होत आहेत आणि नव्या मार्गदर्शकांना तिच्या विषयात रस नाही. तिचे काम तिथेच थांबले. तसे होऊ नये एवढीच इच्छा आहे.

निवृत्त_अध्यापक (अमरावती)

ताई, नियमांपासून सुरुवात करतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला आहे, त्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार विद्यार्थी घेता येतात. अर्धवेळ विद्यार्थ्याचे काम तीन वर्षांत क्वचितच आटोपते, म्हणून निवृत्तीला किमान सहा वर्षे असलेले मार्गदर्शक पाहा आणि हा प्रश्न पहिल्या भेटीतच नम्रपणे विचारा. चांगला मार्गदर्शक त्याने दुखावत नाही. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचे असते आणि त्यासाठी संस्थेकडून मोकळीक लागेल, हे ना-हरकत प्रमाणपत्रात लिहून घ्या. कमाल कालावधी सहा वर्षांचा आहे, पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची वेगळी सवलत आहे.

नियमांपेक्षा मोलाची गोष्ट शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) सापडेल. ज्यांच्याकडे जायचा विचार आहे त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध तिथे उघडा आणि प्रस्तावना सोडून थेट वर्णपटांच्या पानांवर जा. प्रत्येक संयुगाचा एनएमआर जोडलेला आहे का, त्यात द्रावकाची आणि अशुद्धींची शिखरे दिसतात का, की सगळे आलेख संशय यावा इतके स्वच्छ आहेत? न जमलेल्या अभिक्रियांचा उल्लेख आहे का? मी ज्या प्रबंधात "हे संयुग मिळाले नाही" असे वाक्य वाचतो, त्या प्रयोगशाळेवर माझा विश्वास बसतो. त्यानंतर तिथल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटा आणि रसायने कोणाच्या खर्चाने येतात, सर आठवड्यातून किती वेळा टेबलापाशी येतात, आणि शोधनिबंध पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांत जातात का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर तिथून परत या. आयोगाच्या 2022 च्या नियमांत प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे घाईने कुठेही छापण्याचे कारणच उरत नाही. मात्र तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट आहे का ते पाहून घ्या.

आणि पूर्वपरीक्षेची वाट न पाहता एक काम आताच सुरू करा. पायरिडिन-2-अल्डॉक्झाइम बाजारात सहज मिळते. त्याची विरल द्रावणे पीएच 7 पासून 12 पर्यंतच्या बफरांत करा, प्रत्येकाचा यूव्ही वर्णपट घ्या, आणि सर्व वक्र एकावर एक ठेवून पाहा. ते एकाच बिंदूतून जात असतील तर द्रावणात दोनच रूपे आहेत असे समजा. तसे जात नसतील तर बफर किंवा नमुना तपासा. पीकेए दहाच्या आसपास यायला हवा. पीएच मीटर दररोज दोन बफरांवर जुळवून घ्या, विशेषतः क्षारीय बाजूला, कारण जुने इलेक्ट्रोड तिथेच चुकतात. आकडे आले की तापमानासह इथे टाका, आपण ते सगळे मिळून पाहू. मार्गदर्शकाच्या पहिल्या भेटीला जाताना तेच कागद सोबत न्या.